अण्णांची फोटोची बिगरी

शिवशरण अण्णांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत कुणीतरी कशाकडे तरी बोट दाखवत उभं असतं.

विहिरीचा फोटो असेल तर काठावर एक माणूस, आणि त्याचं बोट विहिरीकडे. बंधाऱ्याचा असेल तर बोट बंधाऱ्याकडे. इथवर आपण समजू शकतो. पण पोराच्या लग्नात अण्णांनी हौसेनं एकच फोटो काढला, त्यात त्यांचे व्याही नवरीकडे बोट दाखवत उभे आहेत. व्याह्यांचा चेहरा बघितला तर वाटतं, पोरगी हरवली होती आणि आता पोलिसांसमोर ओळख पटवून देतायत. तो अल्बम माझ्याच दुकानात बांधला गेला, म्हणून हे मी खात्रीनं सांगतो.

यात अण्णांचा दोष नाही. जन्मभर ते सरकारी नोकरीत, पाण्याच्या कामांची पाहणी करण्यावर. सांगोल्याकडची आटलेली विहीर, मोहोळकडचं फुटलेलं शेततळं, दुधनीच्या अलीकडचा गाळानं भरलेला तलाव. जायचं, फोटो काढायचा, अहवालाला टाचायचा. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात साहेबानं एक फोटो शेरा मारून परत पाठवला, 'यात नेमके काय पाहावे?' तेव्हापासून अण्णांनी बोट धरलं ते धरलं. शेतकरी असला तर शेतकरी, नसला तर जीपचा ड्रायव्हर, तोही नसला तर स्वतःचा डावा हात पुढं करून उजव्या हातानं फोटो. "बोट नसलं की पुरावा नाही, दत्तू," असं ते मला शंभर वेळा म्हणाले असतील.

दत्तू म्हणजे मी. सोलापुरात बाळीवेशीत माझा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यापासून माझ्याकडे पासपोर्ट साइझ आणि शाळेची ओळखपत्रं एवढीच गिऱ्हाइकं उरलीत, त्यामुळे माझा स्वभाव जरा तिरसट झालाय असं घरचे म्हणतात. असेल. अण्णा राहतात माझ्या समोरच, पहिल्या मजल्यावर. मधला रस्ता एवढा अरुंद, की महानंदाक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, मिरचीची फोडणी टाकली की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक शिंकतं आणि फोटो हलतो.

अण्णा निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. व्हॉट्सॲपवर गणपतीचं चित्र पाठवलं तरी खाली लिहिणार, 'माहितीस्तव सादर.' चहाला उशीर झाला की स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणणार, "चहा प्रलंबित आहे." अक्का आतून कानडीत काहीतरी उत्तर द्यायच्या. ते मला कळायचं नाही, पण त्यानंतर अण्णा गुपचूप खुर्चीत येऊन बसायचे, यावरून अंदाज यायचा. कानडी, मराठी आणि सरकारी अशा तीन भाषांत त्या घराचा संसार चालला होता आणि बरा चालला होता.

बिघडला तो विजयच्या फोनमुळे. विजय त्यांचा एकुलता एक मुलगा, नेदरलँड्समध्ये नोकरीला. त्याच्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, तेव्हा ते सोडून देऊ. तो म्हणाला, अण्णा, दोघंही वर्षभर इकडे या, सान्वीला शाळेतून आणायला कुणी नाही. अण्णांनी फोनवरच होकार दिला, विजयनं तिकिटं काढली, आणि मग चार दिवसांनी चहा पिता पिता अण्णांनी अक्कांना कळवलं. कळवलं म्हणजे अक्षरशः कळवलं. आपण अमुक तारखेस प्रस्थान करत आहोत, सामानाची यादी करावी.

अक्कांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "मला इचारलं का?"

अण्णा म्हणाले, "यात विचारायचं काय?"

झालं. त्या दिवसापासून अक्का नवऱ्याशी बोलायच्या बंद झाल्या. जेवण वेळेवर, औषधं वेळेवर, कपडे इस्त्रीला वेळेवर, पण शब्द नाही. अण्णांना वाटलं, निघायच्या दिवसापर्यंत राग निवळेल. निघायच्या दिवशी अक्कांनी एकच बॅग भरली, अण्णांची. कडक भाकरी, शेंगाचटणी, गुडघ्याचं तेल सगळं व्यवस्थित बांधून दिलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. अण्णांनी रिक्षात बसताना वर बघितलं, तर त्या तुळशीला पाणी घालत होत्या. अण्णा मला म्हणाले, पंधरा दिवसांत येते की नाही बघ, सुनेचा फोन गेला की विरघळेल. मीही हो म्हटलं. आपलं काय जातंय हो म्हणायला.

दोन महिने झाले तरी अक्का विरघळल्या नाहीत. विजयशी बोलायच्या, सुनेशी बोलायच्या, सान्वीशी तर तासन्‌तास. व्हिडिओ कॉलवर अण्णांचं डोकं दिसलं की मात्र फोन पलंगावर उताणा ठेवून उठून जायच्या. अण्णांना त्या दोन महिन्यांत स्वतःच्या घराचा पंखा तेवढा दिसला. पंख्यावर धूळ साचलीय असंही त्यांनी मला एकदा कळवलं, माहितीस्तव.

मग अण्णांच्या डोक्यात फोटो शिरले. त्यांचं म्हणणं असं, की माणूस बोलत नसला तरी बघतो, आणि बघण्यासारखं काही दिसलं की आपोआप बोलतो. नोकरीत त्यांनी साहेबांना असंच बोलतं केलं होतं म्हणे. "दत्तू, एक फोटो असा निघाला पाहिजे, की तो बघून ती बोलली पाहिजे. बाकी मला काही नको." आता अक्का त्यांचे मेसेज उघडून बघायच्या नाहीत. म्हणून ठरलं असं, की अण्णांनी फोटो मला पाठवायचे, मी ते पोस्टकार्ड साइझला छापायचे आणि रस्ता ओलांडून अक्कांच्या हातात द्यायचे. या सगळ्यात माझं मत कुणी विचारलं नाही, हेही जाता जाता सांगतो.

पहिली खेप आली. कालवा, आणि कालव्याकडे बोट दाखवणारी पाच वर्षांची सान्वी. पवनचक्की, आणि तिच्याकडे बोट दाखवणारा विजय, ऑफिसला उशीर झाल्याचं तोंड करून. बदक, आणि बदकाकडे बोट दाखवणारी एक अनोळखी गोरी म्हातारी. तिला अण्णांनी कसं पटवलं देव जाणे. एका फोटोत सान्वी फुटपाथच्या उचकटलेल्या फरशीकडे बोट दाखवत होती. तो फोटो अण्णांनी शेजाऱ्याला दाखवला, शेजाऱ्यानं आणखी कुणाला तरी पाठवला, आणि तिसऱ्या दिवशी दोन माणसं येऊन फरशी बसवून गेली. अण्णा त्या दिवशी सुन्न झाले होते. सगळ्या नोकरीत त्यांच्या एकाही बोटावर एवढ्या लवकर कारवाई झाली नव्हती.

मी फोटो घेऊन वर गेलो. अक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. हात पदराला पुसून त्यांनी एकेक फोटो बघितला, गठ्ठा माझ्याकडे परत दिला आणि म्हणाल्या, "साकू." कानडीत याचा अर्थ पुरे. दुसऱ्या खेपेलाही साकू. तिसऱ्या खेपेला मात्र एक वाक्य जास्त बोलल्या, "सगळीकडं बोटंच बोटं. गाव कुटं हाय यात?" आणि पवनचक्कीचा फोटो दुमडून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल डुगडुगायचं थांबलं, एवढाच त्या फोटोचा उपयोग झाला.

मी हे अण्णांना जसंच्या तसं सांगितलं, टेबलासकट. ते म्हणाले, म्हणजे मला फोटो येत नाही. मी म्हटलं, तसं नाही अण्णा. ते म्हणाले, तसंच आहे, आता पहिलीच्याही आधीच्या बिगरीपासून शिकतो.

आणि हा सदुसष्ट वर्षांचा माणूस परक्या देशात फोटोची बिगरी शोधत फिरायला लागला.

पहिल्यांदा त्यांना वाचनालयातल्या फळ्यावर एक चिठ्ठी सापडली. नवशिक्यांसाठी वर्ग. अण्णा वेळेआधी वीस मिनिटं वही, पेन, रुमाल घेऊन हजर. बघतात तर एकेका नवशिक्याच्या गळ्यात दुधी भोपळ्याएवढी लेन्स. त्यातला एक नवशिक्या वाघाचे फोटो काढून आला होता. शिकवणारी बाई तिथल्या भाषेत बोलायची आणि अधूनमधून अण्णांसाठी इंग्रजीत थांबायची. तिनं घरचा अभ्यास दिला, शांतता या विषयावर एक फोटो काढून आणा. अण्णांनी सान्वीला ओठांवर बोट ठेवून उभं केलं आणि फोटो काढला. मला अजूनही वाटतं, उत्तर बरोबर होतं. पण वर्गात सगळ्यांनी धुक्यातली झाडं आणली होती. अण्णा दुसऱ्या आठवड्यात गेले नाहीत.

मग त्यांना एक म्हाताऱ्यांचा फोटो क्लब मिळाला. हे लोक दर गुरुवारी जंगलात जायचे आणि अळंब्यांचे फोटो काढायचे. अळंबी जमिनीला चिकटून असते, म्हणून पोटावर झोपून फोटो काढायचा अशी तिथली पद्धत. अण्णांनी आयुष्यात साहेबासमोरही एवढं अंग झुकवलं नव्हतं, पण शिकायचंच ठरवलं होतं म्हणून झोपले. फोटो निघाला. पण गुडघे ऐकेनात, उठता येईना. शेवटी ऐंशीच्या पुढच्या दोन बायकांनी दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उभं केलं आणि कपड्यावरची माती झटकली. अण्णांनी हे मला सांगितलं तेव्हा बजावलं, ही बाब गोपनीय ठेव. मी ठेवली. निदान त्या वेळेपुरती ठेवली.

सगळीकडून फिरून शेवटी गाडी माझ्यावर आली. एका दुपारी तीन वाजता मी दुकानाचं शटर अर्धं ओढून नुकता आडवा झालो होतो. दुपारी दुकान उघडं ठेवणारा सोलापूरकर मला दाखवा, मी त्याचा फुकट फोटो काढून देईन. तेवढ्यात फोन. पडद्यावर अण्णा, भांग पाडलेला, कपाळाला विभूती, पुढ्यात वही. म्हणाले, "दत्तू, इथं खरी बिगरी कुठंच नाही. सगळे एकदम चौथीत बसवतात. तू शिकव."

मी सांगून बघितलं, की मी जन्मात कुणाला शिकवलेलं नाही. मला येतं ते सरळ बसा, हनुवटी खाली, डोळे मिटू नका एवढंच. ते म्हणाले, मग तिथूनच सुरू कर. आमच्याकडे उन्हाळ्यातले तीन म्हणजे त्यांच्याकडे सकाळचे साडेअकरा. माझी झोप गेली ती गेली.

विद्यार्थी म्हणून अण्णा भयंकर होते. मी म्हटलं, उजेडाकडे पाठ करून फोटो काढायचा. त्यांनी काढला, आणि निम्म्या फोटोत त्यांचीच सावली. ती काढू नका म्हटलं तर म्हणाले, पाहणी कुणी केली ते कळायला नको का. मी म्हटलं, माणूस फोटोच्या अगदी मधोमध ठेवू नका, जरा बाजूला घ्या. यावर अर्धा तास वाद. मधली जागा मोकळी असताना माणसाला कडेला उभं करायचं हे त्यांना अन्याय्य वाटत होतं. मग मी मूळ दुखण्याला हात घातला आणि सांगितलं, आजपासून फोटोत बोट बंद. ते एवढंसं तोंड करून बसले. त्यांची समजूत काढावी म्हणून मी पुढचा धडा घेतला, फोन स्थिर धरायचा, ज्याचा फोटो हवा त्याच्यावर पडद्यावर हलकं बोट टेकवायचं, म्हणजे तेवढं स्पष्ट येतं. अण्णांचा चेहरा उजळला. म्हणाले, "म्हणजे बोट लागतंच की." आणि वहीत लिहून घेतलं.

आठवडाभरानं त्यांनी लांबचं जवळ कसं घ्यायचं ते विचारलं. तोंडी सांगितलेलं त्यांना कळेना. तू तुझ्या फोनवर करून दाखव म्हणाले. मी दुकानाच्या दारात आलो आणि फोनचा कॅमेरा रस्त्यापलीकडे धरला. समोर त्यांचीच गॅलरी, दुसरं काय असणार. अक्का सुपात मिरच्या निवडत होत्या. मी दोन बोटांनी चित्र मोठं करत गेलो, हे असं, बघा, आता असं. पलीकडून आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली. विचारलं, समजलं का. अण्णा म्हणाले, नाही, परत दाखव. परत दाखवलं. तरी समजलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना तोच धडा परत हवा. तिसऱ्या दिवशीही तोच. चौथ्या दिवशी माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी फोन आपला तसाच धरून उभा राहिलो, शिकवायच्या भानगडीत पडलो नाही. दहा मिनिटांनी अण्णा म्हणाले, "ती वाळलीय का रे?" मी म्हटलं, मिरची का. त्यांनी वही मिटली.

अक्कांच्या नजरेतून काही सुटत नाही. भर उन्हात मी रोज तीन वाजता हात वर करून त्यांच्या दारासमोर उभा राहतो, हे त्यांना दिसत होतंच. पाचव्या दिवशी बघतो तर गॅलरीच्या कठड्यावरून आडवी चादर टांगलेली. आपली सोलापुरी चादर, तिच्यातून ऊन येत नाही तिथं नजर काय जाणार. मी अण्णांना सांगितलं, हा धडा संपला. अण्णा चादरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ही आपली निळी, विजयच्या बारशाची. तेवढंच.

त्या दिवसानंतर ते नरम पडले. एकदा मी कंटाळून म्हटलं, अण्णा, आठवड्यातून एकदा वर्ग ठेवू या का. तर म्हणाले, "नको दत्तू. साडेआठला सगळे जातात, सान्वी अडीचला सुटते. मधे एवढंच बोलणं होतं." ज्या माणसानं साऱ्या जिल्ह्यातल्या माणसांना हाताला धरून विहिरीच्या काठावर उभं केलं, तो तिथं दिवसाचे सहा तास भिंतीकडे बघत बसतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी झोपेची आशा सोडली आणि घरचा अभ्यास दिला, बाहेर जाऊ नका, घरातलंच काहीतरी घ्या, खिडकीजवळ ठेवा, कडेनं उजेड पडू द्या.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. खाली नेहमीप्रमाणे माहितीस्तव सादर. खिडकीपाशी जेवायचं टेबल, टेबलावर चहाचे दोन कप, बिस्किटाचा पुडा. मास्तर म्हणून बघितलं तर फोटो वाईटच होता. टेबल तिरकं, खिडकी पांढरी फटक, एका कपाचा कान कापलेला. पण बोट नव्हतं. मी त्याबद्दल शाबासकी दिली. अण्णा म्हणाले, बोट दाखवायला घरात कुणी नव्हतं. मी फोटो छापला आणि सवयीनं वर घेऊन गेलो, साकू ऐकायची तयारी ठेवून.

अक्कांनी फोटो घेतला. बघितला. उठून आतून चष्मा आणला आणि परत बघितला. मग म्हणाल्या, "दोन कप कशाला?"

माझ्या जिभेला काही हाड आहे की नाही. मी म्हटलं, आलं असेल कुणीतरी. त्या म्हणाल्या, कोण येणार, घरात तर एकटे असतात, सान्वी सांगते सगळं. मी म्हटलं, अहो तिथं ओळखी झाल्यात त्यांच्या, क्लबात बायका आहेत, चांगल्या आहेत स्वभावानं, परवा अण्णा जंगलात पडले तर दोघींनी उचलून उभं केलं, कपडेसुद्धा झटकून दिले. हे सगळं मी अण्णांची बाजू सावरायला बोललो, शपथेवर सांगतो. बोलता बोलता अक्कांचा चेहरा बघितला आणि थांबलो, पण तोवर बोलून झालं होतं.

अक्का म्हणाल्या, "लाव फोन."

मी लावला. अण्णांना वाटलं वर्गाची वेळ झाली, त्यांनी उचलल्या उचलल्या वही पुढं ओढली. मग पडद्यावर त्यांना बायको दिसली. चार महिन्यांनी समोरासमोर, चादर नाही, पंखा नाही. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच.

"दुसरा कप कुणाचा?" अक्कांनी विचारलं.

अण्णांनी टेबलाकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं. म्हणाले, "तुझा."

"मी कुटं हाय तितं?"

"नाहीस की." अण्णा खाली बघून बोलत होते. "आल्यावर पहिल्या दिवशी चुकून दोन ओतले गेले. दुसऱ्या दिवशी पण चुकून. आता चुकून नाही ओतत."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो, कारण दुसरीकडे बघायला त्या खोलीत काही नव्हतं. मग अक्का म्हणाल्या, "मग पितं कोण तो?"

"मीच. गार झाला की."

"साखर घालून?"

अण्णांनी नुसती मान हलवली. अक्का सुरू झाल्या. डॉक्टरांनी दिवसाला एक कप सांगितलाय, तोही बिनसाखरेचा, आणि हे तिथं बसून माझ्या नावानं साखर खातायत. तोंड बघा किती उतरलंय. विभूतीसुद्धा वाकडी लावलीय. जंगलात पोटावर झोपायचं वय आहे का हे. निम्मं मराठीत, निम्मं कानडीत, चार महिन्यांचं साठलेलं सगळं एका दमात. अण्णा मान खाली घालून ऐकत होते, मधेमधे हूं म्हणत होते, आणि त्यांचे डोळे वाहत होते. पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी एवढी माणसं कॅमेऱ्यासमोर बसवली, पण शिव्या खाऊन एवढं सुखी झालेलं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

अक्का दम घ्यायला थांबल्या तेव्हा अण्णा म्हणाले, "महानंदा, मी तुला विचारलं नाही. माझी चूक झाली. आता विचारतो. येतेस का?"

ना माहितीस्तव, ना सादर. साधं विचारलं.

अक्कांनी पदर सारखा केला. खिडकीबाहेर बघितलं, हातातल्या फोटोकडे बघितलं. सगळा वेळ अण्णा श्वास धरून बसले होते आणि खरं सांगायचं तर मीही.

"इचार करून सांगते," अक्का म्हणाल्या, आणि फोन बंद करून माझ्या हातात दिला.

मी उठलो. वाईट वाटलं. एवढं झाल्यावर नाही म्हणायचं तर नाही म्हणावं, माणसाला असं टांगून कशाला ठेवायचं. दारापर्यंत गेलो तेव्हा अक्का मागून म्हणाल्या, दत्तू, थंडी कितपत असते रे तितं? मी वळून बघितलं. त्या कपाट उघडून लोकरीचं काहीतरी शोधत होत्या.

"म्हणजे जाणार तुम्ही?" मी विचारलं.

"जाणार की. पण दोन दिवस सांगू नको त्यांना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला इचारलंय. जरा इचार तर करू दे."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला फोन वाजला. वही नव्हती, भांग पाडलेला नव्हता. अण्णांनी फोटोचं नावही काढलं नाही. नुसतंच विचारलं, "दत्तू, विचार करतेय ना पण ती?"

मी समोर बघितलं. अक्का गॅलरीत दोन स्वेटर उन्हात टाकत होत्या, एक उलटं, एक सुलटं.

"करतेय की, अण्णा," मी म्हटलं. "लई करतेय."